तिळूचा कोरडा भात

आखाडाच्या शेवटच्या रविवारी मोशीच्या त्या सोसायटीत कुठल्याही जिन्यात उभं राहिलं तरी एकच वास यायचा, मटणाच्या रश्श्याचा. श्रावण उंबऱ्यापाशी येऊन थांबला होता. तो आत आला की महिनाभर मटणाचं नाव काढायचं नाही. म्हणून चाकणला शिफ्टवर जाणारी, पिंपरीच्या कंपन्यांतून रिटायर झालेली, लातुरातून, बीडमधून, साताऱ्यातून येऊन इथं फ्लॅट घेतलेली सगळी माणसं त्या एका दिवसात पुढच्या महिन्याचंही जेवून घेत होती.

माणसं जेवत होती, मग तिळू कसा उपाशी राहील?

तिळू म्हणजे कस्तुराबाईंच्या घरातलं कुत्रं. पांढरंशुभ्र, झुबकेदार शेपटीचं, मांजराहून थोडंसंच मोठं. पाठीवर काळे ठिपके असे, जणू परातीत तांदूळ निवडताना कुणाच्या मुठीतून काळे तीळ सांडले. सोसायटीत त्याची घरं बांधलेली होती. कुठं हाडूक, कुठं चरबीचा लुसलुशीत तुकडा, कुठं तर्रीत बुडवलेली भाकरी. उद्धवराव नावाचे एक रिटायर गृहस्थ होते, त्यांच्या खिशात त्याच्या वाटणीचे शेंगदाणे असायचे. गेटवरचा वॉचमन चिमाजी, हा तर मावळातला माणूस, ‘पाव्हण्याला चहा न्हाई तर न्हाई, बिस्कीट तरी’ म्हणून पुडा फोडायचा. त्या रविवारी तिळू सगळ्या घरचं जेवला आणि घरी येऊन कस्तुराबाईंच्या हातचंही जेवला.

सोमवारी सकाळी तो उलट्या करायला लागला. दिवस कलता कलता गॅलरीत जाऊन त्यानं पुढचे पाय लांब पसरले, छाती फरशीला टेकवली आणि मागचं अंग तसंच वर धरून ठेवलं. कस्तुराबाईंना वाटलं, उन्हं मावळतीला चाललीत, त्या दिशेला तोंड करून बसलंय.

“वर्षे, बघ गं,” त्या सुनेला म्हणाल्या, “लेकरू दंडवत घालायलंय देवाला.”

वर्षालीनं बघितलं. पण तिळू दंडवतातून उठेचना. पोटाला हात लावला तर कळवळला, आणि ज्या हातानं त्याला आजवर भरवलं होतं त्या हातावर त्यानं दात विचकले. तेव्हा मात्र कस्तुराबाईंच्या काळजाचं पाणी झालं.

*

त्यांचं गाव निलंग्याकडचं. मालक गेले, घराला कुलूप लागलं आणि लेकानं, समाधाननं, त्यांना सातव्या मजल्यावर आणून ठेवलं. समाधान चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. दिवसभर गाड्यांचे सुटे भाग मोजायचे, मापात बसले तर पुढं, नाही बसले तर लाल डब्यात. वर्षाली ताथवड्याच्या कॉलेजात लॅब असिस्टंट. दोघं सकाळी गेली की फ्लॅटमध्ये कस्तुराबाई आणि भिंतीवरचं घड्याळ. गावात दार उघडलं की माणूस दिसायचं. इथं दार उघडलं की समोर दुसरं दार, तेही लावलेलं. लिफ्टची त्यांना धास्ती. पेटीत बसून खाली उतरायचं म्हणजे विहिरीत पोहऱ्यातून सोडल्यासारखं. त्यामुळं सुरुवातीचे कितीतरी महिने त्या खाली उतरल्याच नव्हत्या.

मग एके दिवशी वर्षालीनं ओढणीत गुंडाळून हे पिल्लू आणलं. कॉलेजच्या कॅन्टीनमागं कुत्री व्यायली होती, त्यांतलं हे सगळ्यांत बारकं. पिल्लू म्हटलं की त्याला फिरवणं आलं. लिफ्टचं दार उघडलं तसं तिळू टुणकन आत गेला आणि वळून त्यांच्याकडं बघायला लागला. ‘चल की म्हातारे, कामून थांबलीस?’ असंच जणू. पुढं तो, मागं त्या. खाली चिमाजी भेटला, उद्धवराव भेटले, बाकावर बसणाऱ्या बाया भेटल्या. कस्तुराबाईंचं निम्मं बोलणं त्यांना कळायचं नाही, पण कुत्र्याचं नाव विचारायला कुठं भाषा लागते? बघता बघता अख्खी सोसायटी त्यांना ‘तिळूची आजी’ म्हणायला लागली. गावात त्या अमक्याची सून, तमक्याची आई होत्या. या नव्या गावातलं नाव त्यांना तिळूनं दिलं होतं.

आणि तो आता पदराखाली कण्हत होता, समाधानची गाडी सिग्नलला अडली होती, आणि कस्तुराबाई जेवढे देव आठवत होते तेवढ्यांना हाका मारत होत्या.

*

चिंचवडातल्या दवाखान्यात डॉक्टर करिष्मा म्हणून एक तरणी मुलगी होती. तिनं रक्त घेतलं, पोटावर यंत्र फिरवलं, सलाईन लावली. उलटी थांबायचं आणि दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. मग स्टूल ओढून कस्तुराबाईंच्या पुढ्यात बसली.

“आजी, पोटात एक ग्रंथी असते, स्वादुपिंड म्हणतात तिला. खाल्लेली चरबी पचवायचा रस ती करते. एकदम चरबीचा लोंढा आला, की काही कुत्र्यांत ती बिथरते. जो रस अन्न पचवायचा, तो तिलाच पचवायला लागतो. ते दंडवतासारखं बसणं म्हणता ना, ते पोट दुखत असतं म्हणून.”

“म्हणजे लेकरू दुखण्यानं वाकलं होतं,” कस्तुराबाई हळू म्हणाल्या, “अन् मी देवाला हात जोडायली.”

“वेळेवर आणलंत. आता सगळं खाण्यावर आहे. तो एवढासा आहे. मोठ्या कुत्र्याला खपून जाईल ते याच्या जिवावर बेतेल. तेल नाही, तूप नाही, शेंगदाणे, बिस्कीट काही नाही. बिनकातडीचं चिकन, छातीचं, नुसत्या पाण्यात शिजवायचं. मऊ भात. थोडा लाल भोपळा. कांदा-लसूण बिलकूल नाही. थोडं थोडं द्यायचं, पण पुन्हा पुन्हा. सावरला की कमी फॅटचं तयार खाणं हळूहळू मिसळू, कारण नुसत्या भात-चिकननं त्याला सगळं मिळणार नाही.”

वर्षालीनं नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं वर्षालीकडं. श्रावण लागला होता. या महिन्यात त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. कस्तुराबाई सोमवार करायच्या, शनिवार करायच्या, देव्हाऱ्यात रोज नवी माळ घालायच्या.

“आई,” गाडीत वर्षाली चाचरत म्हणाली, “चिकनचं मी बघते. माझ्या मैत्रिणीकडून शिजवून आणते. आपल्या ओट्यावर नको.”

“मैत्रिणीकडून कामून?”

“श्रावण आहे ना.”

“मग? औषधाला कुठला गं श्रावण?” कस्तुराबाई ताडकन म्हणाल्या. “महादेवाच्या दारात नंदी बसतो, त्याला जीव कळतो. मी शिजवीन.”

झालं. घरातली दोघं निर्धास्त झाली. सगळ्यांत मोठी अडचण तीच होती, असं दोघांनाही वाटलं.

*

तयार खाण्याची पिशवी आणायला समाधान स्टेशनजवळच्या दुकानात गेला. दुकानदारानं सोन्याच्या अक्षरांची चकचकीत पिशवी पुढं केली. “हे घ्या राव. इम्पोर्टेड आहे. यात मासा आहे, केस असे चमकतील!”

समाधाननं पिशवी उलटी केली. कंपनीत तो भागाचा चेहरा बघत नसे, माप बघायचा. इथंही त्यानं बारीक अक्षरांत फॅटचा आकडा शोधला.

“अठरा टक्के. रिजेक्ट.”

“अहो, पिल्लांचं हे बघा, पचायला हलकं...”

“वीस. हे तर त्याच्यावर कडी. भावा, केस चमकायला कुत्रं आधी जगायला पाहिजे. डॉक्टरांनी दहाच्या आत सांगितलंय.”

दुकानदारानं शेवटी मागच्या फळीवरून धूळ झटकून एक साधी पिशवी काढली. तिच्यावर ना मासा, ना डोंगर, ना हसणारं कुत्रं. पण आकडा मापात होता. समाधाननं ती छातीशी धरून आणली. तिळूनं एक दाणा हुंगला, पंजानं लांब ढकलला आणि कस्तुराबाईंच्या पायाशी जाऊन बसला. त्याचंही क्वालिटीचं खातं कडक होतं.

म्हणून सगळी मदार आली ती घरच्या भातावर.

त्या कामात कस्तुराबाईंचा हात कुणी धरला नसता. साय विरजून, घुसळून, ताकात लोण्याचा कण मागं राहू न देणारे ते हात. निलंग्याकडं बाया म्हणायच्या, कस्तुराचं ताक म्हंजी नुसतं पाणी, लोणी सगळं हिच्या मुठीत. आता त्या चिकनचं पाणी गार करून फ्रिजमध्ये ठेवायच्या. सकाळी त्यावर पांढरी साय धरलेली असायची. ती अलगद, एका तुकड्यात उचलायच्या आणि टाकून द्यायच्या. जन्मभर साय राखली, आता साय टाकायची. “उलटा जमाना आला बया,” असं पुटपुटत, पण कण राहू द्यायच्या नाहीत. खालचं पाणी आरशासारखं लख्ख. त्यात भात मऊ करायचा, चिकनचे धागे सोडवायचे, भोपळा कुस्करायचा.

तिळू खायला लागला. शेपूट हलायला लागली. घरात पुन्हा नखांची टकटक ऐकू यायला लागली.

आणि एका सकाळी तो परत गॅलरीत जाऊन दंडवत घालून बसला.

*

“कुणीतरी काहीतरी घातलंय!” वर्षाली गेटपाशी कडाडली. तिळू टॉवेलात गुंडाळून समाधानच्या कडेवर. “चिमाजी, खरं सांगा. बिस्कीट दिलंत?”

चिमाजी खुर्चीतून उठला. टोपी हातात घेतली.

“म्याडम, आमी गरीब हाय, पर खोटं न्हाई. तुमी सांगितलं त्या दिसापास्नं पुडा खिशात ठिवला न्हाई म्या. त्यो आला की मी त्वांड फिरवून बसतुया. त्यो बिचारा माझ्याकडं बगतुया, मी भिताडाकडं बगतुया.”

“मग लेकरू काय वारा खाऊन आजारी पडलं व्हय?” कस्तुराबाईंच्या तोंडून निघून गेलं.

चिमाजीनं टोपी डोक्यावर ठेवली. गेट उघडून बाजूला झाला. त्यानं गाडीकडंही बघितलं नाही. सवयीनं तो भिंतीकडंच बघत होता.

दवाखान्यात पुन्हा सलाईन, पुन्हा इंजेक्शन. डॉक्टर करिष्मानं एकेक विचारलं. कातडं काढता? काढतो. रस्सा? साय काढून. फोडणी? नाही. तेल? नाही. तूप?

“न्हाई माय,” कस्तुराबाई म्हणाल्या, “तूप कुठलं? तुमी नको म्हणलाव ना.”

आणि त्या खोटं बोलत नव्हत्या.

डॉक्टरीण विचारात पडली. म्हणाली, “आज इथंच राहू दे. मळमळ थांबली की उद्या थोडं भरवून बघू. आजी, डबा तुमच्याच हातचा आणा. दुसऱ्याच्या हातचं हा खाणार नाही.”

त्या दिवशी कस्तुराबाई तिळूशिवाय लिफ्टपाशी आल्या. पुढं कुणी नव्हतं. दार उघडलं तरी त्यांचा पाय आत पडेना, शेवटी कुणाच्या तरी मागून त्या शिरल्या. घरात वाटी पालथी होती. पालथ्या वाटीकडं बघून त्यांना हुंदका आला. देवाला त्या एवढंच म्हणाल्या: याला नेऊ नकोस. मला इथं ओळखतंय कोण याच्याशिवाय?

*

दुसऱ्या दिवशी तिळूनं डोकं उचललं होतं. कस्तुराबाईंना बघून शेपटीचं टोक हललं, तेवढंच, पण हललं. डॉक्टरीण म्हणाली, “वाढा आजी. घरी वाढता तसंच. किती देता ते मला बघू द्या.”

कस्तुराबाईंनी डबा उघडला. वाटीत चार घास भात घातला, चिकनचे धागे वर पसरले. मग कमरेची पिशवी सोडून तिच्यातून एक बारकी पितळी डबी काढली, झाकण फिरवलं, आतली चमची भरली आणि भाताच्या मधोमध सोडली. बोट कपाळाला लावून वाटी पुढं सरकवणार, तोच डॉक्टरणीनं वाटीवर हात धरला.

“आजी, हे काय?”

“हे? ही शुद्धी.”

“तूप आहे हे!”

“तूप न्हाई ओ,” कस्तुराबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “तूप खायला वाढत्यात ते. ही अन्नाची शुद्धी. पांढऱ्या भातावर थेंब पडल्याबिगर ताट पुढं करायचं नसतं. कोरडा भात कुणापुढं ठेवत्यात? मयताच्या उशाशी. जित्या लेकरापुढं कोरडा भात कसा ठेवू मी?”

समाधाननं डोक्याला हात लावला. कंपनीत केसाएवढा फरक त्याच्या नजरेतून सुटत नसे, आणि घरात आईच्या कमरेच्या पिशवीत काय आहे हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. वर्षाली काही तिखट बोलायला तोंड उघडत होती, पण सासूचा चेहरा बघून तिनं ते मिटलं.

डॉक्टरीण रागावली नाही. तिनं एक कोरी वाटी घेतली. “आजी, दिवसातून जेवढ्या वेळा त्याला भरवता, तेवढ्या चमच्या यात घाला बरं.”

कस्तुराबाईंनी एक घातली. सकाळची. मग पूजा झाल्यावरची. दुपारची. चहाच्या वेळची. दिवेलागणीची. झोपायच्या आधीची. थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा, असं डॉक्टरणीनंच सांगितलं होतं. जेवढे घास वाढले तेवढी शुद्धी वाढली. वाटीच्या तळाशी पिवळं तळं साचलं. बोटाचं पेर बुडेल एवढं.

त्यांनी त्या तळ्याकडं बघितलं, मग टेबलावरच्या एवढ्याशा पांढऱ्या जिवाकडं बघितलं.

“माय गं,” त्या म्हणाल्या.

“तुमची चूक नाही म्हणणार नाही,” डॉक्टरीण म्हणाली, “पण निम्मी माझी धरा. मी विचारलं, तूप देता का. भातावर काय पडतं, हे विचारलंच नाही. माझी आजी ज्वारीच्या भाकरीवर तेलाचं बोट फिरवल्याशिवाय ताट पुढं करायची नाही. मला सुचायला हवं होतं.” आणि तिनं तो तुपाचा घास काढून टाकला, खालचा कोरडा भात दुसऱ्या वाटीत घेतला आणि वाटी कस्तुराबाईंच्या हातात दिली. “तुमच्या हातानं द्या. तुमचा हात लागला की पुरे आहे त्याला.”

त्या पोरीचे उपकार कस्तुराबाईंनी त्या क्षणी मनात गाठ मारून ठेवले. औषध तर कुणीही दिलं असतं. तिनं त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली नव्हती.

*

गेटपाशी गाडी थांबली तशा कस्तुराबाई आधी उतरल्या.

“चिमाजी.”

“बोला मावशी.” तो उठला, पण नजर खालीच.

“माझ्याच हातानं झालं रे बाबा. भातावर तुपाचा थेंब सोडत होते मी. अन् बोलले तुला. माफ कर.”

चिमाजीनं क्षणभर त्यांच्याकडं बघितलं. मग त्याच्या मिशीत हसू फुटलं. “तुमच्या तुपानं व्हय! म्हंजी माझं बिस्कीट सुटलं म्हणायचं.”

“सुटलं. पण देऊ नगंस हं.”

“न्हाई द्येत. पर मावशी...” त्यानं टॉवेलातल्या काळ्याभोर नाकाकडं बोट केलं. “आता त्वांड तरी फिरवायला नगं ना?”

“नगं बाबा. बघ त्याच्याकडं. पोटभर बघ.”

चिमाजीनं दोन्ही हात टॉवेलावर ठेवले. तिळूनं त्याचा अंगठा चाटला. आणि तो आडदांड माणूस भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, पण या वेळी कारण वेगळं होतं.

घरी आल्यावर अवघड काम पुढंच होतं. डबी कस्तुराबाईंनी देव्हाऱ्यात ठेवून दिली. भात वाढला. वाटी हातात घेतली. तिळू समोर बसला, कान टवकारून. आणि त्यांचा हात काही वाटी खाली ठेवीना. पांढरा, कोरडा, रिता भात. सासऱ्यांच्या उशाशी ठेवलेला त्यांना आठवत होता, मालकांच्या उशाशी ठेवलेला त्यांनी स्वतः शिजवला होता. डॉक्टरणीच्या टेबलावर चारजणांत हात पुढं गेला होता. इथं स्वतःच्या ओट्यापाशी जाईना.

“आई, मी ठेवू का?” वर्षाली हळूच म्हणाली.

“थांब जरा.”

त्या आठवत होत्या. दुष्काळाच्या सालात त्या नुकत्याच नांदायला आल्या होत्या. गोठा मोकळा, दुभतं गेलेलं, तुपाची बुधली कोनाड्यात पालथी. कधीमधी मूठभर तांदूळ मिळायचे, त्याचा भात व्हायचा. सासू म्हणजे नुसती आग. तूप असताना थेंब चुकला तर ताट उचलून नेणारी बाई. मग त्या सालात ती काय करायची? काय बरं करायची? ती भाताच्या ताटावर हात धरायची आणि जात्यावरच्या सुरात, पण अगदी हळू, एक ओवी म्हणायची. मग म्हणायची, जेवा रे लेकरांनो, झाली शुद्धी.

पन्नास वर्षांत ती ओवी ओठांवर आली नव्हती. घरात तूप होतं, मग ओवी कशाला लागते? कस्तुराबाईंनी वाटीवर तळवा धरला. घसा खाकरला. सून बघत होती, लेक बघत होता, लाज वाटली. पण तिळूही बघत होता.

तुपाची बुधली, कोनाड्यात रिती,
मायेला गं किती, लागे तूप?

आणि मग आपसूकच दुसरी आली. ती सासूची नव्हती. ती त्यांचीच.

इवलासा जीव, इवलासा घास,
देवा तुझा वास, त्यात राहो.

“झाली शुद्धी,” त्या म्हणाल्या आणि वाटी खाली ठेवली. तिळूनं भात चाटूनपुसून खाल्ला. वर्षालीनं उगीच ओट्यावरचं फडकं उचलून पुन्हा तिथंच ठेवलं. समाधान म्हणाला, “माय, हे मापात बसतं.”

*

श्रावण सरला. गौरी-गणपती आले आणि गेले. मोदकाचे दिवस म्हणजे तिळूच्या जिवाला घोर. पण सोसायटीनं या खेपेला त्याला सांभाळलं. उद्धवरावांनी खिशातले शेंगदाणे घरी ठेवले. डॉक्टरणीला फोनवर विचारून ते आता उकडलेल्या गाजराच्या फोडी घेऊन फिरतात. “माझंही कोलेस्टेरॉल आहे,” म्हणतात, “अर्ध्या मी खातो, अर्ध्या तो.” साध्या पिशवीतले दाणे कोमट पाण्यात भिजवून भातात चिमूटभर मिसळले, मग मूठभर. तिळूला पत्ताही लागला नाही, किंवा लागला असेल, पण ओवी म्हटलेल्या अन्नाला नावं कशी ठेवायची? दवाखान्यात वजन केलं, रक्त तपासलं. डॉक्टर करिष्मा म्हणाली, “पथ्य जन्मभराचं, आजी. पण आता हा माझा पेशंट कमी आणि पाहुणा जास्त.” कस्तुराबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. पोर लाजली.

परवाची गोष्ट. कस्तुराबाई खाली बाकावर बायांमध्ये रमल्या आणि तिळूच्या खाण्याची वेळ टळली. लगबगीनं वर आल्या. आता लिफ्टमध्ये त्या एकट्याही शिरतात. दार लोटलेलं होतं. आतून वर्षालीचा आवाज आला.

“खा ना रे. सगळं तेच आहे. भात आहे, चिकन आहे, तुझे ते दाणे आहेत. खा.”

तिळू वाटीपुढं बसला होता. मान वर, नजर तिच्या तोंडाकडं. घास घेईना.

“अरे, मला नाही येत ते!” वर्षाली वैतागली. मग तिनं इकडंतिकडं बघितलं, कुणी नाही म्हणून, आणि वाटीवर तळवा धरला. लॅबमध्ये मुलांना सूचना वाचून दाखवावी तशा सपाट आवाजात ती सुरू झाली. “तुपाची बुधली... कोनाड्यात रिती. मायेला गं किती...” अडखळली, आणि पुढच्या शब्दापासून कसा कोण जाणे, आवाजात सूर आला. “...लागे तूप. बस? झाली शुद्धी. खा आता, लबाडा.”

तिळूनं वाटीत तोंड घातलं.

कस्तुराबाई दाराबाहेरच थांबल्या. आत जाऊन तिला लाजवावं असं त्यांना वाटेना. तिथंच, चपलांच्या कपाटापाशी, समोरच्या बंद दाराकडं बघत त्या ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या:

सातव्या मजली, नाही गं अंगण,
तिळूनं राखण, केली माझी.

रात्री जेवायला बसल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातली पितळी डबी मागून घेतली आणि आपल्या भातावर एक चमची सोडली. मग आणखी एक.

“माय!” समाधान म्हणाला. “दोन-दोन?”

“एक माझी,” कस्तुराबाई म्हणाल्या, “अन् एक त्याच्या वाटणीची. अन्न वाया घालवू नये बाबा.”

टेबलाखाली तिळूनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून डोळे मिटले.